शेतावर पैसे काढून दुबईला जाऊ का?

प्रश्न: नमस्कार काका. मी वणी तालुक्यातला. वय 28, नववीपर्यंत शिकलो. पाच वर्षांपासून कोळशाच्या खाणीवर टिप्पर चालवतो, हेवीचं लायसन्स आहे. पगार 16 हजार, तोही कधी वेळेवर नाही. बाबांची चार एकर कोरडवाहू, कापूस अन् सोयाबीन. नागपूरचा एक एजंट दुबईत ट्रेलर ड्रायव्हरचं काम लावून देतो म्हणतो. महिना 2,800 दिरहम, राहणं-खाणं कंपनीचं. एकूण 1 लाख 80 हजार मागतो. 20 हजार मी फोनवरून पाठवले, बाकीचे महिनाअखेरपर्यंत पाहिजेत म्हणतो. आधी व्हिजिट व्हिसा निघेल, तिथं गेल्यावर कामाचा करून देऊ, असं त्याचं म्हणणं. गावातला एक जण शेतावर पैसे द्यायला तयार आहे, शेकडा तीन. आई नाही म्हणते. पोलंडमध्ये याहून जास्त मिळतात असंही मोबाईलवर पाहिलं. मले समजून नाही राहिलं. जाऊ का नको?

उत्तर:

बाळा, तुझं नाव आणि गाव छापत नाही. आधी थेट उत्तर देतो, कारण महिनाअखेर जवळ आली आहे. परदेशात जायचं तर जरूर जा. पण या एजंटाच्या हाताने नको, व्हिजिट व्हिसावर नको आणि शेतावर पैसे काढून तर मुळीच नको. उरलेल्या 1 लाख 60 हजारांतला एक रुपयाही त्याला देऊ नकोस.

तू नववी शिकलेला आहेस, हीच गोष्ट या एजंटाने हेरली आहे. दहावी पास नसलेल्या माणसाला जो पासपोर्ट मिळतो त्याला ईसीआर म्हणतात. तो घेऊन संयुक्त अरब अमिराती (दुबई याच देशात आहे), सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, मलेशिया अशा 18 देशांत कामाला जायचं असेल तर सरकारची परवानगी लागते. ती सहज मिळत नाही आणि ते तुझ्याच भल्याचं आहे. तिथल्या मालकाला आधी सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. किती माणसं हवीत, काम कोणतं, पगार किती, राहण्याची सोय काय, हे सगळं त्याला लिहून द्यावं लागतं. तुझा करार तिथे चढतो. प्रवासी भारतीय बीमा योजनेचा 10 लाखांचा विमा निघतो, त्याचा हप्ता दोन वर्षांना काही शे रुपयेच असतो. एवढं झाल्यावर परवानगी मिळते. उद्या पगार बुडाला, तर कुणाला धरायचं हे सरकारदरबारी लिहिलेलं असतं.

व्हिजिट व्हिसा काढतात तो नेमकी ही तपासणी चुकवायला. फिरायला चाललो असं सांगून तुला विमानात बसवायचं, एवढंच एजंटाचं काम. विमानतळावर इमिग्रेशनच्या माणसाला तुझ्या उत्तरांवरून संशय आला, तर तो तुला तिथूनच परत पाठवेल, आणि तेव्हा एजंट फोन उचलणार नाही. समज, सुखरूप पोहोचलास. व्हिजिटवर काम करणं तिथे बेकायदा आहे. एका खोलीत आठ-दहा जणांबरोबर पडून राहायचं, रोज 'उद्या होते, परवा होते' ऐकायचं. मुदत संपली की दर दिवशी 50 दिरहम दंड चढत जातो. अशा अडलेल्या माणसाकडून मग मिळेल त्या पगारावर सामान उतरवण्याचं, गाड्या धुण्याचं काम करून घेतात. तक्रार कुठे करणार? कागदावर तू पाहुणा असतोस, कामगार नाही.

आता पैशाचं. परवानाधारक भरती एजन्सीला कामगाराकडून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 रुपये घेता येतात. त्याची पावती द्यावी लागते. हा भारत सरकारचा नियम आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या 2021 च्या कामगार कायद्यानुसार तर भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो, तो कामगाराच्या अंगावर टाकता येत नाही. मग तुझ्याकडून 1 लाख 80 हजार कशाचे घेतात? त्याला विचारून बघ. 'व्हिसा महाग झाला' असं काहीतरी सांगेल, पावती मात्र देणार नाही.

पाठवलेल्या 20 हजारांबद्दल शेवटी सांगतो. आधी उरलेल्या पैशांचा हिशेब कर. 1 लाख 60 हजारांवर शेकडा तीन म्हणजे महिन्याला 4,800 रुपये नुसतं व्याज. वर्षाला 36 टक्के. परवाना असलेल्या सावकारालासुद्धा कायद्याने इतकं व्याज लावता येत नाही. म्हणजे हा माणूस बिनपरवान्याचा आहे, आणि असे लोक गहाणखत करत नाहीत, सरळ खरेदीखत लिहून घेतात. 'पैसे फेडले की परत करून देतो' हे तोंडी असतं. सातबारा मात्र त्याच्या नावावर चढतो. यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्याला हे मी नव्याने सांगायला नको. तुझी आई नाही म्हणते, तिचं ऐक. बाबांनी खरेदीखतावर सही केली असेल किंवा अंगठा दिला असेल, तर आजच जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात जा. 2014 च्या सावकारी कायद्याखाली तिथे अर्ज करता येतो.

आता खऱ्या कामाच्या गोष्टीकडे येतो, कारण तू ड्रायव्हर आहेस आणि ड्रायव्हरचं दुखणं इतर कामगारांपेक्षा वेगळं असतं. गवंडी विमानातून उतरला की दुसऱ्या दिवशी थापी हातात घेतो. तुला उतरल्यावर गाडीला हातही लावता येणार नाही, कारण तुझं भारतीय लायसन्स तिथे नोकरीसाठी चालत नाही. आरटीओत 1,000 रुपयांत मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना फिरायला गेलेल्या माणसासाठी असतो. एजंट तोच दाखवून 'झालं काम' म्हणतात. कामाला गेलेल्या माणसाला रेसिडेन्सी, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना मिळतो आणि मग तिथलंच लायसन्स काढावं लागतं.

दुबईत ते कसं काढतात ते नीट वाच. ड्रायव्हिंग इन्स्टिट्यूटमध्ये फाइल उघडावी लागते. डोळे तपासतात. मग वर्गात बसून नियम शिकायचे, ते हिंदी-उर्दूतही शिकवतात. नंतर संगणकावर परीक्षा. ती झाली की यार्डात गाडी लावायची परीक्षा आणि शेवटी रस्त्यावरची, शेजारी तपासनीस बसलेला. हेवी ट्रकचा वर्ग वेगळा, त्याची फीही जास्त. आपल्याकडे वीस वर्षं गाडी मारलेली माणसं तिथे रस्त्याच्या परीक्षेत नापास होतात, आणि त्यांना गाडी येत नसते असं नाही. चौकात गोल फेरीत आधीच शिरलेल्या गाडीला थांबून वाट दिली नाही, लेन बदलताना आरशात पाहून मान वळवली नाही, पादचाऱ्यासाठी थांबला नाही, की नापास. वणी-घुग्घुसच्या रस्त्यावर हॉर्न देत वाट काढायची आपल्याला सवय असते. तिथे स्टेअरिंग डावीकडे, गाडी उजव्या बाजूने चालवायची. दर वेळी नापास झालं की पुन्हा तास, पुन्हा फी. सगळं मिळून खर्च काही हजार दिरहमांवर जातो.

म्हणून कुठल्याही कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न पगाराचा नको. लायसन्सचा खर्च कोण करणार, ते होईपर्यंत पगार किती मिळणार, आणि नापास झालो तर काय, हे आधी विचार. चांगली कंपनी हे लिहून देते. काही कंपन्या खर्च करतात आणि नंतर महिन्याला कापून घेतात. तेही चालेल, पण किती कापणार आणि किती महिने, हे करारात असायला हवं. लायसन्स होईपर्यंत हेल्परच्या पगारावर ठेवणाऱ्या कंपन्याही आहेत. तुझ्या व्याजाच्या हिशेबात हे महिने धर, म्हणजे शेतावर पैसे का काढायचे नाहीत ते आपोआप समजेल.

दुसरा प्रश्न बेसिकचा, म्हणजे मूळ पगाराचा. 2,800 दिरहम हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. त्यात बेसिक किती आणि ट्रिपचे किती? हेवी ड्रायव्हरला बऱ्याच ठिकाणी बेसिक थोडा आणि वरचे पैसे ट्रिपवर मिळतात. तू खाणीवर ट्रिपा मारतोसच, काम बंद पडलं की काय होतं ते तुला माहीत आहे. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर धरतात. अमिरातीत वर्ष पूर्ण झाल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे 21 दिवसांचा बेसिक मिळतो. बेसिक 800 असेल आणि बाकी सगळं ट्रिपवर, तर चार वर्षांनी हातात काय येईल, ते कागदावर मांडून बघ. तिथल्या कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर अरबी, इंग्रजीबरोबर हिंदीतही मिळतं. ते हिंदीतलं माग. वाचल्याशिवाय सही करू नकोस.

तिसरी गोष्ट मी मुद्दाम लांबवून सांगतो, कारण एजंट ती कधीच सांगत नाहीत. अपघातात माणूस दगावला तर आखाती देशांत 'दिया' भरावी लागते, म्हणजे मेलेल्याच्या घरच्यांना द्यायची भरपाई. अमिरातीत ती 2 लाख दिरहम आहे. सौदीत अपघाती मृत्यूला 3 लाख रियाल. रुपयांत मोजलं तर दोन्ही आकडे तुझ्या चार एकरांच्या आवाक्याबाहेर जातात. गाडीचा विमा चालू असेल आणि तुझ्याकडे त्याच वर्गाच्या गाडीचं लायसन्स असेल, तर ही रक्कम विमा कंपनी भरते. विमा संपलेला असेल किंवा लायसन्स हलक्या गाडीचं आणि हातात ट्रेलर असेल, तर सगळं ड्रायव्हरच्या गळ्यात येतं आणि पैसे भरेपर्यंत तुरुंगात दिवस काढावे लागतात. म्हणून मुकादम कितीही म्हणू दे, 'आजच्या दिवस घेऊन जा', आपल्या वर्गाची नसलेली गाडी हलवायची नाही. गाडी ताब्यात घेताना विम्याच्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा. रस्त्यावर ओळखीच्या माणसाला पैसे घेऊन बसवायचं नाही. आपल्याकडे चालतं, तिथे तो गुन्हा आहे. कॅमेरे सगळीकडे आहेत, सौदीत त्या यंत्रणेला 'साहेर' म्हणतात. अमिरातीत दंडाबरोबर काळे पॉइंटही चढतात, 24 झाले की लायसन्स जप्त. वेगाचे दंड बहुतेक कंपन्या ड्रायव्हरच्याच पगारातून कापतात.

दुबईचं जमलं नाही की हाच एजंट कदाचित तुला कमी पैशात सौदी किंवा कुवेतचा हाऊस ड्रायव्हरचा व्हिसा दाखवेल. काही घरं चांगली असतात, वर्षानुवर्षं टिकलेले ड्रायव्हर आहेत. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला मी ते सुचवत नाही. घरातला ड्रायव्हर हा घरकामगार धरला जातो, कंपनीच्या कामगारांना लागू असणारा कामगार कायदा त्याला लागत नाही. सौदीने 2021 मध्ये नोकरी बदलण्याची मोकळीक दिली, तीही कंपन्यांतल्या कामगारांना. घरच्या ड्रायव्हरला नाही. पहाटे मुलांची शाळा, रात्री उशिरापर्यंत बाजार, मध्ये गाड्या धुणं, आणि सगळं एका कुटुंबाच्या मर्जीवर. तू कंपनीतच जा.

पोलंडचं थोडक्यात. युरोपात ट्रक चालवायला तिथल्या वर्गाचं लायसन्स, त्यावर 'कोड 95' नावाची व्यावसायिक पात्रता आणि टॅकोग्राफचं, म्हणजे गाडी किती वेळ चालवली ते नोंदणाऱ्या यंत्राचं कार्ड लागतं. साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं थांबावंच लागतं आणि ते सगळं यंत्रात नोंदलं जातं. काम चांगलं आहे, पण हे सगळं काढायला पैसा, वेळ आणि भाषा लागते. 'डायरेक्ट पोलंड, परीक्षा नाही' असं जे कोणी दाखवतं ते खोटं आहे. मदतनीसाची नोकरी सांगून आपली पोरं रशियात नेली आणि त्यांना थेट युद्धावर धाडलं, हे 2024 मध्ये उघड झालं. त्याचा तपास सीबीआयने केला. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात बस-ट्रक चालकही आहेत. यवतमाळच्या जिल्हा कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्रात जाऊन विचारून ये. जर्मन शिकावं लागेल, ते सोपं नाही. पण तुझं वय 28 आहे, एवढी एक चौकशी करायला हरकत नाही.

मग आता करायचं काय? पासपोर्ट नसेल तर तो काढ. 1,500 रुपये फी आहे, अर्ज ऑनलाइन भरता येतो, तुझा भाग नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. 'दहावीचं सर्टिफिकेट करून देतो' असं कोणी म्हटलं तर तिथूनच उठून ये. खोट्या कागदावर पासपोर्ट काढलास तर फौजदारी होते. दहावी करायचीच असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बस. तुझ्यासारखी नोकरी करणारी पुष्कळ माणसं असं करतात, त्यात लाज कसली?

त्याच बरोबर सरकारी दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढून घे. कोणाला पैसे देण्याआधी. आखाती देशांच्या मेडिकलमध्ये फुप्फुसावर जुन्या टीबीचा डाग दिसला तरी माणूस अनफिट होतो, मग तो बरा होऊन कितीही वर्षं झालेली असोत. कावीळ बी आणि सी, एचआयव्ही हेही तपासतात. तू पाच वर्षं कोळशाच्या धुळीत काम केलंस, म्हणून हे मुद्दाम सांगतो. एजंट आधी पैसे घेतात, मग मेडिकलला पाठवतात, आणि अनफिट आलं की पैसे परत येत नाहीत.

आणि वर्षभर ट्रेलर चालव. टिप्पर आणि ट्रेलर यांत किती फरक आहे ते तुला मी काय सांगू, ट्रेलर मागे घेताना स्टेअरिंग उलट्या बाजूला फिरवावं लागतं, आणि परदेशी कंपनीच्या मुलाखतीत तेच करायला लावतात. चंद्रपूर, गडचांदूरकडे सिमेंट कारखान्यांना बल्कर, म्हणजे सुटं सिमेंट नेणारे टाकीचे ट्रक, आणि ट्रेलर लागतात. तिथे काम धर. बल्करचा अनुभव असलेला हेवी ड्रायव्हर आखातात सहज खपतो. जिथे काम करशील तिथून लेटरहेडवर अनुभवाचा दाखला घे, तारखांसह. खाणीवरच्या मालकाकडूनही माग, रोखीने पगार देणारे लोक दाखला द्यायला टाळाटाळ करतात, पण माग.

या वर्षात पैसे साठव. परवानाधारक एजन्सीची फी, पासपोर्ट आणि मेडिकल धरून 50 हजारांच्या आत भागतं. कर्ज लागतच नाही. एजन्सीचं नाव कळलं की ई-मायग्रेटवर तिचा परवाना क्रमांक टाकून बघ, परवाना चालू आहे की निलंबित आहे ते तिथे दिसतं. अशा बहुतेक एजन्सी मुंबईत आहेत, आणि त्यांना गावोगाव दलाल नेमायची कायद्याने परवानगी नाही. 'मी त्यांचाच माणूस' असं सांगणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत, मुंबईला जाऊन कचेरीत चेकने किंवा बँकेतून भरायचे. निघण्याआधी एक दिवसाचं सरकारी प्रशिक्षण असतं, फुकट. ते चुकवू नकोस.

सामान भरताना आईला दोन गोष्टी सांग. खसखस असलेलं काही द्यायचं नाही, म्हणजे अनारसेही नाहीत. आपल्याकडची साधी खसखस तिथे अमली पदार्थात धरतात आणि तिच्यापायी लोक तुरुंगात गेले आहेत. आणि खर्रा नको, एक पुडीही नको. खोकल्याचं कोडीनवालं औषध नको. दुसऱ्याने दिलेलं बंद पार्सल तर जवळच्या मित्राचं असलं तरी नको. पासपोर्ट, व्हिसा आणि कराराची एकेक झेरॉक्स घरी ठेव. तिथे पोहोचल्यावर पासपोर्ट मालकाकडे देऊ नकोस, तो ठेवून घेणं अमिरातीतही बेकायदा आहे.

राहिले तुझे 20 हजार. एजंटाला आज मेसेज कर: मला जायचं नाही, पैसे परत करा. फोनवर बोलू नकोस, लिहून पाठव, म्हणजे पुरावा राहतो. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, त्याचे सगळे मेसेज, व्हिसाबद्दल बोललेले ऑडिओ एका जागी साठव. आठवडाभरात पैसे आले नाहीत तर वणी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दे आणि ई-मायग्रेटवरही नोंदव. परवाना नसताना परदेशी नोकरीसाठी भरती करणं 1983 च्या उत्प्रवासन कायद्याने गुन्हा आहे, आणि पोलिसांची नोटीस जाते म्हटल्यावर असे लोक बऱ्याचदा पैसे परत करतात. नाही केले तरी 20 हजारांवर सुटशील, चार एकर वाचतील. 'पैसे अडकलेत म्हणून आता पुढचेही भरून टाकू' असं मनात आणू नकोस.

गावातल्या आणखी कोणी याच माणसाला पैसे दिले असतील, तर त्यांनाही सोबत घेऊन तक्रार कर. आणि पुढे एखाद्या खऱ्या कंपनीचं ऑफर लेटर हातात आलं, की सही करण्याआधी त्याचा फोटो मला पाठव. बेसिक, लायसन्सचा खर्च, सुट्टी आणि विमा, या चार ओळी मी स्वतः वाचेन आणि तुला उत्तर देईन.